ऐनवेळचा विषय

माझ्या नोकरीतली ही गोष्ट मी घरात निदान दहा-बारा वेळा सांगितली असेल आणि दर वेळी तिच्यातली माझी चूक थोडी लहान झाली आहे. गौरी जेवल्या की आमच्याकडे सगळे ओटीवर लवंडतात आणि मग भाचे-पुतणे म्हणतात, काकू, ती वहीची गोष्ट सांग. मी सांगते. सरपंचांची नक्कल करते, तांडेलांची करते. सगळे हसतात. गेल्या वर्षी तर मी ती अशी रंगवली की शेवटी गावाची तारणहार मीच ठरले. आमचे हे कोपऱ्यात सुपारी कातरत बसले होते. ते एवढंच म्हणाले, "पुढच्या गौरीला तुझा पुतळा बसवू मखरात."

या अंकाच्या संपादकांनी नोकरीतला काहीतरी गमतीदार अनुभव मागितला तेव्हा वाटलं, हाच देऊ, तयारच आहे. लिहायला बसले आणि अडले. चार वेळा उठले. कुकर लावला, कपड्यांच्या घड्या केल्या, नको असलेला चहा केला. बोलताना हातवारे करून जे झाकता येतं ते कागदावर झाकेना. पंचवीसेक वर्षं मी ग्रामसेविका होते. कागदावर लिहिलेल्याचं पुढे काय होतं ते इतरांपेक्षा मला थोडं जास्त माहीत आहे.

ग्रामसेवक म्हणजे काय ते शहरातल्या वाचकांसाठी सांगते. सरपंच गाव निवडून देतं. ग्रामसेवकाला सरकार पाठवतं. जन्माची नोंद, मृत्यूची नोंद, घरपट्टी, रहिवासी दाखला, बंद पडलेला रस्त्यावरचा दिवा, पिसाळलेलं कुत्रं, विहिरीत पडलेली म्हैस, हे सगळं त्याचं. पुरुष ग्रामसेवकाला आमच्याकडे 'भाऊसाहेब' म्हणतात. मी बाई असूनही पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येक गावात मला सवयीने भाऊसाहेबच म्हणत. एका आजीने तर विचारलं होतं, "भाऊसाहेब, लगीन झालंय का तुमचं?"

गिऱ्हाईकं एकेक भेटतात. नागावच्या बाजूला एका गावात होते तेव्हा मुंबईहून येऊन बंगला बांधलेल्या एका गृहस्थांनी लेखी तक्रार दिली होती की शेजाऱ्याच्या माडावरून आमच्या गाडीवर नारळ पडतात, तरी ग्रामपंचायतीने योग्य ती समज द्यावी. समज कोणाला द्यायची ते लिहिलं नव्हतं. मी उत्तर पाठवलं की सदर नारळ ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाहीत, गाडी मात्र हलवता येईल. ते उत्तर तालुक्याला हातोहात फिरलं. माझ्या मसुद्याचा आणि अक्षराचा नावलौकिक होता, हे मी स्वतःच सांगते, कारण आता दुसरं कोणी सांगत नाही. तालुक्याच्या सभेत साहेब माझी वही उघडून इतरांना दाखवत, हे बघा, याला इतिवृत्त म्हणतात.

इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद. गावाची ग्रामसभा भरते, त्यात विषय निघतात, ठराव होतात, ते सगळं एका मोठ्या जाडजूड वहीत ग्रामसेवकाने लिहायचं. कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिलं, आणि शेवटी 'सर्वानुमते मंजूर'. हे सर्वानुमते आम्ही इतक्या वेळा लिहितो की हात आपोआप लिहितो. खरी सभा कशी असते? अर्धे लोक हजेरीच्या वहीत सही करून चहा प्यायला जातात. उरलेले गटाराबद्दल भांडतात. तो आरडाओरडा ग्रामसेवक कच्च्या कागदावर टिपून घेतो आणि चार दिवसांनी कार्यालयात शांतपणे बसून त्याची सभा बनवतो.

आणि वहीत शेवटी थोडी जागा सोडतो. हे कुठल्या नियमात नाही. नोकरीला लागले तेव्हा एका जुन्या भाऊसाहेबांनी मला शिकवलं होतं, "पोरी, सही करण्याआधी चार बोटं जागा सोडत जा. ऐनवेळचे विषय असतात." सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत शेवटचा विषय तोच असतो: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. काही राहून गेलं, कोणाला नंतर आठवलं, एखाद्या योजनेचं पत्र उशिरा आलं, तर ते त्या चार बोटांत बसवायचं. एका गावाची पाण्याची टाकी मी अशीच बसवली. एका विधवेचं घरकुल बसवलं. कोणाचं वाईट झालं नाही, म्हणून ती जागा सोडणं मला चांगुलपणाच वाटे.

ज्या गावची ही गोष्ट, त्याचं नाव मी सांगत नाही. नाव घेतलं की खुलासा द्यावा लागतो, ही नोकरीतली सवय. खाडीच्या तोंडाशी आहे, दिघीपासून फार लांब नाही, एवढं पुरे. माझी बदली तिथे झाली ती जूनच्या शेवटी. मी मूळची तळा तालुक्यातली, भातवाल्यांची. आमच्याकडे समुद्र म्हणजे सहलीला जायची जागा. मासळी खाते मी, पण ती ताटात येण्याआधी कुठे असते याचा कधी विचार केला नव्हता.

सरपंच वयाने माझ्यापेक्षा लहान, हसतमुख, पांढऱ्या शर्टातला. वाईट माणूस नव्हता. हे घरी सांगताना मी त्याला वाईट करते, गोष्ट सोपी होते. पण खरं तर गावातली पोरं नोकरीसाठी मुंबईला जातात याचं त्याला मनापासून दुःख होतं. खाडीकाठी पर्यटन यावं, गाड्या लागायला जागा व्हावी, खाण्याचे गाळे निघावेत, बोटी फिराव्यात, असा आराखडा वरच्या कार्यालयात चालला होता आणि तो आपल्या गावावरून पुढे सरकू नये म्हणून हा माणूस रोज फोन लावत होता.

ऑगस्टमध्ये झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. धो धो पाऊस, समाजमंदिराचे पत्रे वाजत होते, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. गटार, दिवाबत्ती, शाळेचं कुंपण, एवढे विषय झाले. मी इतिवृत्त लिहिलं, खाली जागा सोडली, त्याखाली सरपंचांची सही घेतली, माझी केली.

आठवड्याने सरपंच एक चिठ्ठी घेऊन आले. म्हणाले, मॅडम, ऐनवेळचा एक विषय लिहायचा राहिलाय. चिठ्ठीत होतं की खाडीलगतची मोकळी जागा पर्यटन सुविधा केंद्रासाठी देण्यास ग्रामसभेची हरकत नाही. मी विचारलं, हे सभेत झालं का? ते म्हणाले, "झेंड्यापासून समाजमंदिरापर्यंत चालत येताना चौघांशी बोललो की मी. सगळे खूश आहेत. तुम्हाला पावसात ऐकू आलं नसेल."

ऐकू आलं नसेल, हे शक्य होतं. तरीही मी कर्तव्यदक्ष. संध्याकाळी छत्री घेऊन जागा बघायला गेले. वाळू, तिच्यावर गुडघाभर गवत, एक फाटलेलं जाळं, दोन कुत्री आणि खेकड्यांची बिळं. ना बांध, ना झाड, ना पीक. भातवाल्याच्या मुलीला अशी जमीन दिसली की एकच शब्द सुचतो. दुसऱ्या दिवशी वही उघडून मी ठराव लिहिला. 'मोकळी जागा' मला सरकारी वाटेना, म्हणून ती सुधारून मी 'गावठाणालगतची पडीक जागा' असं केलं. सर्वानुमते मंजूर. जागा चार बोटं आणि मजकूर पाच बोटांचा, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी जरा दाटीने आल्या. नक्कल काढली, शिक्का मारला, पाठवली.

घरी सांगताना हा 'पडीक' मी सरपंचांच्या चिठ्ठीत घालते. आज पहिल्यांदाच जिथला तिथे ठेवते आहे.

नवरात्र झालं, ऊन पडलं. दिवाळीची सुट्टी संपवून मी गावात परत आले आणि एका सकाळी कामासाठी खाडीकडे गेले, तर ती जागा ओळखूच येईना. गवत उपटून वाळू झाडून काढलेली. बांबूचे मांडव उभे, त्यांवर दोऱ्या, दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, ओळीच्या ओळी. खाली पसरलेली सुकट, गुलाबी. तीस-चाळीस बायका वाकून मासळी परतत होत्या, पोरी कावळे हाकलत होत्या, आणि या सगळ्यात कोणती जागा कोणाची हे कुठेही लिहिलेलं नसताना कोणाचा पाय दुसरीच्या जागेत पडत नव्हता.

मी वाटेतच उभी राहिले. एक उंच, काळीसावळी बाई, हातात झाडू, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गो बाय, वास येतो काय?" ती हिराबाय. साठीच्या आसपासची, नवरा बोटीवर जाणारा होता तो वारला, आता लेक आणि ती मिळून मासळी घेतात, सुकवतात, बाजाराला नेतात. तिने मला पाटावर बसवलं आणि तिचा धंदा समजावून सांगितला. ओली मासळी आपल्या हातात संध्याकाळपर्यंत असते, व्यापारी म्हणेल त्याला द्यावी लागते. सुकवली की पावसाळाभर आपली, मनाला येईल तेव्हा विकायची. सुकवायला ऊन आणि वारा पाहिजे, आणि तो इथे खाडीच्या तोंडावरच लागतो, गावात घरांमध्ये मासळी कुजते. म्हणजे ही जागा गेली तर हिराबायच्या हातात उरणार होता तो व्यापाऱ्याचा शब्द.

मी मान हलवत ऐकलं. पावशेर सुकट घेतली. आणि काही बोलले नाही.

दोन महिने बोलले नाही. याची गोष्ट मी घरी कधीच सांगत नाही, कारण त्यात काही घडत नाही. मी खाडीकडचा रस्ता टाळून मागच्या वाटेने कार्यालयात जाऊ लागले. कपाट उघडून ती वही आहे ना ते बघत असे आणि परत कुलूप लावत असे. कोणी 'मॅडम आहेत का' म्हटलं की दचकत असे. मनाला सांगत होते, आराखडा सरकारी आहे, सरकारी काम सहा महिने थांब, कशाला आत्तापासून. घरी माझी चिडचिड वाढली. ह्यांनी एकदा विचारलं, कार्यालयात कोणी त्रास देतं का? मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. त्रास देणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग एक दिवस मोजणीवाले आले. तिघं जण, काठ्या आणि तिपाईवरचं यंत्र घेऊन थेट वाळवणात घुसले. बायकांनी विचारलं, कशाची मोजणी? त्यातल्या एकाने सांगितलं, तुमच्या गावानेच दिलीय जागा, तुमच्या ग्रामसभेचा ठराव आहे.

अर्ध्या तासात कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढे हिराबाय आणि तिच्या बाजूला तांडेल. तांडेल हे आडनाव, माणूस एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. सगळी ग्रामसभा पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून ऐकणारा गावातला एकमेव माणूस, आणि मला भाऊसाहेब म्हणणं न सोडलेलाही एकमेव. त्यांनी कसलाही आवाज न चढवता सांगितलं, भाऊसाहेब, ऑगस्टच्या सभेची वही बघायची आहे, गावकऱ्याला बघता येते असा नियम आहे. नियम होताच. मी कपाट उघडलं.

त्यांनी चष्मा लावून पान अगदी हळू वाचलं. गटार, दिवाबत्ती, कुंपण. शेवटच्या ठरावावर बोट ठेवून ते थांबले.

"भाऊसाहेब, तुमचं अक्षर एवढं मोकळंढाकळं असतं. इथंच कसं शिमग्याच्या गाडीसारखं भरलंय? दोघं तर टपावर बसलेत."

मागून कोणीतरी हसलं. हिराबाय हसली नाही. तिला वाचता येत नव्हतं, ती पानाकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

त्यांनी तिथेच अर्ज लिहिला, त्यावर गावाच्या सह्या आणि अंगठे घेतले आणि विशेष ग्रामसभेची मागणी केली. ठराव वाचून दाखवावा आणि तो कधी, कोणी, कसा केला ते सभेत सांगावं. हा विषय पत्रिकेवर घेणं माझं काम होतं. मी घेतला. माझ्याच चौकशीची नोटीस मी माझ्या सुंदर अक्षरात लिहून फलकावर लावली.

सरपंच दुसऱ्या दिवशी येऊन बराच वेळ बसले. म्हणाले, "मॅडम, सभेत झालं होतं एवढंच म्हणा. नाही म्हणालात तर माझी फक्त सही आहे, अक्षर तुमचं आहे." धमकी नव्हती ती. हिशेबाने बघितलं तर सल्लाच होता. ह्यांचाही सल्ला होता, रजा टाक. दुसरा ग्रामसेवक त्या दिवसापुरता येईल, त्याला काही माहीत नाही, तो बिचारा सांगेल की वहीत असं आहे. मी रजेचा अर्ज लिहिला, कारण ताप. अर्ज पर्समध्ये ठेवला आणि ताप येण्याची वाट बघत बसले. आला नाही. एरवी पावसात भिजले तरी येतो.

सभेच्या दिवशी मी गेले. धैर्याने वगैरे नव्हे, घरी बसवेना म्हणून.

समाजमंदिर भरलं होतं. बायका बोटींवरची मासळी घेऊन तशाच आल्या होत्या, टोपल्या दाराशी रांगेने ठेवलेल्या. तालुक्याहून एक अधिकारी आले होते, ते खुर्चीत बसून रुमालाने नाक झाकू की नको या विचारात होते. मी ठराव वाचून दाखवला. माझा आवाज मला परक्या बाईसारखा वाटत होता. तांडेल उभे राहिले आणि म्हणाले की मी त्या सभेला सुरुवातीपासून होतो, चहाच्या आधी होतो, चहानंतरही होतो, हा विषय निघाला नाही. सरपंच म्हणाले, पावसामुळे काहींना ऐकू आलं नसेल. अधिकारी म्हणाले, हे बघा, लेखी ठराव आहे, सर्वानुमते आहे, आता ऐकू आलं नाही याला काय अर्थ?

तेव्हा हिराबाय उठली. अधिकाऱ्यांकडे नाही, सरपंचांकडे नाही, सरळ माझ्यासमोर येऊन बसली, मांडी घालून, दोन हातांच्या अंतरावर.

"बाय, तू भातवाली हायेस ना?"

मी म्हटलं, हो.

"तुझ्या बापाचं खलं हाय? भात झोडतात तां?"

आहे, म्हटलं.

"पावसात काय असतं त्याच्यावर?"

"गवत."

"मंग तुझा बाप त्याला पडीक बोलतो?"

आमचं खळं वर्षातले दहा महिने रिकामं असतं. दसऱ्यानंतर बाबा ते चोपून, शेणाने सारवून घेत, आणि त्यानंतर तिथे चपला घालून गेलं तर पाठीत धपाटा बसे. मी खाल्लेला आहे. हे सगळं मला त्या जागी, त्या क्षणी आठवलं, आणि ऑगस्टमध्ये त्या वाळूत छत्री धरून उभी असताना एकदाही आठवलं नव्हतं.

हिराबाय थांबली नाही. "त्या सभेत आमी हात वर केला व्हता का? तू व्हतीस. तू सांग."

मी उभी राहिले. समोर लिहिलेलं काही नव्हतं, म्हणून फार लांबलं नाही. म्हटलं, "नाही. हा विषय सभेत आला नाही. मी तो आठवड्याने लिहिला, सोडलेल्या जागेत. आणि पडीक हा शब्द सरपंचांनी दिलेला नाही. तो माझा आहे."

घरी सांगताना इथे टाळ्या पडतात. प्रत्यक्षात कोणी टाळी वाजवली नाही. बाहेर मांजरं टोपल्यांशी भांडत होती. मागून एक बाई बोलली, "तवा सुकट न्हेलीस ना गो आमची?" बस, एवढंच. त्या वाक्याची मी घरी कधी नक्कल करू शकले नाही.

ठराव रद्द करण्याचा ठराव झाला. अधिकारी निघायला लागले, पण बायका दारातून हलेनात. वही इथंच लिहायची, वाचून दाखवायची, मगच सभा सुटेल. अधिकारी म्हणाले, इतिवृत्त नंतर लिहायची पद्धत असते. तांडेल म्हणाले, तीच तर बंद करतोय. मी जमिनीवर बसून, गुडघ्यावर वही घेऊन लिहिलं. अक्षर भिकार आलं. वाचून दाखवलं. सह्या झाल्या. खाली तळहाताएवढी जागा उरली होती. हिराबायने तिच्यावर बोट ठेवून विचारलं, इथं काय? मी म्हटलं, काही नाही, रिकामी आहे. तिने लेकीला हाक मारली आणि स्वतःचा अंगठा त्या जागेत उमटवला. मग लेकीची सही. मग पुढची. कडेपर्यंत, वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या. पुढे चौकशीत साहेबांनी मला विचारलं, हे काय, कोणत्या नमुन्यात आहे हे? मी म्हटलं, साहेब, आता इथं काही लिहिता येणार नाही, त्या नमुन्यात आहे.

चौकशी रीतसर झाली. जागा का सोडली? साहेब, सगळेच सोडतात. "सगळ्यांची चौकशी नाही चालू, तुमची आहे." त्यांचं बरोबर होतं. वेतनवाढ थांबली, बदली झाली, खाडीपासून लांब, डोंगरात. निघताना सरपंच भेटले. म्हणाले, "एक शब्द तरी माझ्या वाट्याचा तुम्ही घेतलात, थँक्यू." टोमणा होता की खरंच म्हणाले, मी अजून ठरवलेलं नाही. पुढच्या निवडणुकीत ते पडले. मी त्यानंतर थोडी वर्षं काढून मुदतीआधी निवृत्ती घेतली. कारण आरोग्याचं लिहिलं. ताप तेव्हाही नव्हता.

गोष्ट इथे संपते असं मी गेल्या गौरीपर्यंत सांगत होते.

या पावसाळ्यात हिराबायचा फोन आला. माझा नंबर तिने कसा मिळवला कोण जाणे. म्हणाली, "बाय, नकाशात आमची जागा रंगवलीय." नवा आराखडा निघाला होता, आता गावापुरता नव्हे, सगळ्या खाडीकाठाचा. लोकांच्या हरकतींसाठी नकाशा तालुक्याला भिंतीवर लावला होता. मी गेले. तांडेल आता काठी घेऊन चालतात, तेही हिराबायबरोबर आले होते. काठीच्या टोकाने त्यांनी मला ती जागा दाखवली. बाजूच्या तक्त्यात त्या जागेपुढे लिहिलं होतं, सध्याचा वापर: पडीक. आधार: ग्रामसभेचा ठराव. तोच.

आम्ही ठराव रद्द केला होता, वहीत. पण त्याची मी शिक्का मारून पाठवलेली नक्कल कुठल्यातरी फायलीत आपली पडून होती. तिला कोणी कळवलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्या माणसाला ती सापडली. त्याने जागा पाहिली असेल तर बहुधा पावसात पाहिली असेल.

कोणी पाहत नसताना मी तक्त्यातल्या त्या शब्दावर नख फिरवून पाहिलं. छापील होता.

हिराबायचा हरकतीचा अर्ज तांडेलांनी लिहून आणला होता. अर्जाच्या नमुन्यात एक रकाना होता, 'हरकतदाराचा जागेशी संबंध'. त्यापुढे त्यांनी लिहिलं होतं, तीन पिढ्या मासळी सुकवतो. मी माझा अर्ज तिथेच बाकावर बसून लिहिला. तो ठराव कसा झाला, कधी लिहिला, कोणी लिहिला, सगळं. रकान्याशी येऊन थांबले.

खिडकीतला कारकून तरुण होता, सभ्य होता. म्हणाला, मॅडम, मालक, कूळ किंवा लगतचा रहिवासी, यातलं काहीतरी लागतं. तुम्ही त्या गावच्या नाही, तुमची तिथे जमीन नाही. संबंध नसेल तर हरकत घेता येत नाही.

मी रकाना भरला. 'या जागेला पडीक मी लिहिलं.'

त्याने ते वाचलं, परत वाचलं. "हे बसत नाही हो यात."

मी म्हटलं, "दुसरा संबंध नाही माझा. हाच आहे."

साहेबांना विचारून येतो म्हणून तो अर्ज घेऊन आत गेला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. आम्ही तिघं बाकावर. काय अडलंय ते मी हिराबायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, उठली, पदर खोचला आणि साहेबांच्या दाराच्या चौकटीत जाऊन उभी राहिली. शिपाई म्हणाला, आजी, बसून घ्या, बोलावतील. ती म्हणाली, शिक्का पडंपर्यंत बसायचं न्हाय.

मग वळून माझ्याकडे बघितलं.

"तू पन ऊठ."

मी उठले.